गाडीतला सुरा आणि कायद्याची धार

प्रतिनिधी

शनिवारी पहाटे गळ, दोर, आमिषाचा डबा आणि मासे साफ करण्याची सुरी डिकीत टाकून मुळशी, पानशेत किंवा भंडारदऱ्याच्या पाण्याकडे निघणाऱ्या हौशी मंडळींची संख्या मुंबई-पुण्यात कमी नाही. रानात तंबू ठोकून राहणारे आणि गडांवर मुक्काम करणारेही सोबत एखादा दणकट पात्याचा चाकू ठेवतात. वाटेतल्या नाकाबंदीत पोलिसांनी डिकी उघडायला सांगेपर्यंत या चाकूचा कोणी विचार करत नाही. त्यानंतर मात्र प्रश्न उभे राहतात. हा चाकू कायद्याच्या दृष्टीने शस्त्र आहे काय? त्याला परवाना लागतो काय? 'सहा इंचांपेक्षा लहान पाते असेल तर चालते' असे ठामपणे सांगणारे अनेक जण भेटतात. परंतु शस्त्र कायद्यात किंवा त्याखालील नियमांत सहा इंचांची अशी मर्यादा कोठेही नाही.

गुन्हेवृत्ताच्या रकान्यात 'शस्त्र कायदा कलम ४, २५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७, १३५ अन्वये गुन्हा दाखल' असे वाक्य वाचकांच्या नेहमी नजरेस पडते. कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांसाठी वापरली जाणारी हीच कलमे नाकाबंदीत सापडलेल्या सुरीलाही लागू शकतात. त्यात वन्यजीव संरक्षण कायद्याची भर पडते. म्हणून गाडीत पाते ठेवण्यापूर्वी हे तीन कायदे समजून घेणे आवश्यक आहे.

शस्त्र कोणाला म्हणायचे?

शस्त्र कायदा, १९५९ मध्ये शस्त्राची व्याख्या व्यापक आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली अथवा तसा बदल केलेली कोणतीही वस्तू तीत येते आणि धारदार हत्यारांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू मात्र वगळल्या आहेत. त्यामुळे स्वयंपाकघरातली विळी, शेतकऱ्याचा विळा किंवा ऊसतोड मजुरांच्या गाडीतले कोयते ही मूलतः शस्त्रे ठरत नाहीत.

शस्त्र नियम, २०१६ मधील पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, परशू, कृपाण आणि खुकरीसह सुरे यांचा समावेश आहे. पाते ९ इंचांपेक्षा लांब 'किंवा' २ इंचांपेक्षा रुंद असलेली अशा प्रकारची इतर शस्त्रेही त्यात येतात. यातील 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. पाते आखूड असले तरी ते रुंद असेल, तर मर्यादा ओलांडली जाते. घरगुती, शेतकी, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तूंना येथे सूट आहे. या यादीत छंदाचा किंवा क्रीडेचा उल्लेख नाही.

त्यामुळे मासे कापण्याची पातळ, लवचिक सुरी ही स्वयंपाकघरातल्या सुरीची बहीण आहे, असे सांगता येते. 'शिकारीचा चाकू' म्हणून विकल्या जाणाऱ्या, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या जाड पात्याबाबत तसे म्हणणे अवघड जाते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे संरक्षित प्राण्यांची शिकार, कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद वगळता, बंद आहे. जी शिकार मुळात करता येत नाही, तिचे साधन गाडीत का आहे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर वाहनचालकापाशी असावे लागते.

कायद्याच्या चौथ्या कलमानुसार केंद्र सरकार एखाद्या भागात विशिष्ट वर्गातील शस्त्रांसाठीही परवाना बंधनकारक करू शकते. अशा भागात ती विनापरवाना बाळगल्यास पंचविसाव्या कलमाखाली एक ते तीन वर्षांच्या कारावासाची व दंडाची तरतूद आहे. राज्याची सीमा ओलांडताना नियमही बदलतात. दिल्लीत १९८० सालच्या अधिसूचनेत खटक्याने उघडणाऱ्या चाकूंसाठी पात्याची मर्यादा अवघी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी धरलेली आहे. आपल्याकडे 'रामपुरी' या नावाने ओळखला जाणारा खटक्याचा चाकू छंदाच्या सामानात नसलेलाच बरा.

पोलीस आयुक्तांचा आदेश

शस्त्र कायद्यातून सुटलेली वस्तू महाराष्ट्र पोलीस कायद्यात अडकू शकते. सार्वजनिक शांततेसाठी कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या तसेच शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगण्यास मनाई करू शकतात. येथे पात्याच्या लांबीचा प्रश्नच येत नाही. सण, निवडणुका, मोर्चे आणि आंदोलने यांच्या काळात असे आदेश काढले जातात.

आदेशाचा भंग झाल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. न्यायालयाने लेखी कारणे नोंदवली नाहीत, तर ही शिक्षा चार महिन्यांपेक्षा कमी असू शकत नाही. आदेश लागू असल्याचे ठाऊक नव्हते, ही सबब नाकाबंदीवर फारशी उपयोगी पडत नाही. २०२२-२३ मध्ये पुण्यात कोयत्याच्या धाकाने दहशत माजवण्याचे प्रकार वाढल्यानंतर कोयत्यासारखे शेतीचे अवजारही शहरात संशयाचा विषय झाले, हे ध्यानात ठेवायला हवे.

अभयारण्यात गळ हेही हत्यार

वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'हत्यार' या संज्ञेची व्याप्ती अनेकांना ठाऊक नसते. बंदुका, धनुष्यबाण, विष आणि सापळे यांच्या जोडीने सुरे, जाळी आणि गळ यांचाही त्यात नावानिशी उल्लेख आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय हत्यारासह अभयारण्यात प्रवेश करण्यास कलम ३१ मनाई करते. राष्ट्रीय उद्यानांनाही ही तरतूद लागू आहे.

महाराष्ट्रात ही बाब केवळ पुस्तकी नाही. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवती कोयना अभयारण्य आहे. मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जातो. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून प्रवास करणाऱ्यास प्रवेश परवान्यातून सूट आहे. परंतु ती सूट कलम २७ मधील आहे. हत्याराविषयीचे कलम ३१ त्याहून स्वतंत्र आहे. त्यामुळे अशा पट्ट्यात सामान बंद पेटीत ठेवून सरळ पुढे जाणे आणि पाण्याकाठी गाडी थांबवण्याचा मोह टाळणे शहाणपणाचे ठरते.

वन अधिकाऱ्यांना वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकार आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहनही सरकारजमा होऊ शकते. सुरी काही शे रुपयांची असली तरी पणाला गाडी लागते, ती अशी.

गाडी एकाची, सुरा कोणाचा?

डिकीत सापडलेल्या वस्तूची जबाबदारी कोणावर, हा मित्रमंडळींच्या सहलीत हमखास उद्भवणारा प्रश्न आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने शस्त्राच्या 'ताब्या'चा अर्थ स्पष्ट केला. वस्तूची जाणीव हवी आणि ती प्रत्यक्ष हातात नसली तरी तिच्यावर नियंत्रण हवे, असे त्याचे सार आहे. म्हणजे मित्राने आपल्या नकळत ठेवलेल्या पिशवीबद्दल बचाव करता येतो. पण तो न्यायालयात करावा लागतो, रस्त्यावर नव्हे.

शस्त्र कायद्याचे कलम २० खास प्रवासाशी संबंधित आहे. शस्त्र ज्या रीतीने किंवा ज्या परिस्थितीत नेले जात आहे, त्यावरून बेकायदा वापराचा रास्त संशय आला, तर पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात. परवाना असला तरीही हे कलम लागू होते. एवढेच नव्हे, तर रेल्वे, बस किंवा अन्य वाहनावरील कर्मचाऱ्यालाही हा अधिकार आहे. म्हणून मासे साफ करण्याची सुरी गळ आणि बर्फाच्या पेटीसोबत डिकीत असणे वेगळे आणि तीच चालकाच्या आसनाखाली असणे वेगळे. वस्तू तीच असली तरी तिच्या जागेवरून हेतूचा अंदाज बांधला जातो.

निघण्यापूर्वी

- मासे साफ करण्यासाठी साधी, एकधारी, आखूड आणि अरुंद पात्याची सुरी पुरेशी असते. दुधारी, खटक्याचे किंवा 'शिकारी' म्हणून विकले जाणारे चाकू घरीच ठेवावेत.
- सुरी म्यानात घालून, बाकीच्या मासेमारीच्या सामानासह बंद पेटीत, डिकीत ठेवावी. खिशात, कमरेला किंवा पुढच्या कप्प्यात ठेवू नये.
- अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांची परवानगी किंवा पावती जवळ ठेवावी. प्रवासाचा हेतू दाखवणारा तोच पुरावा होय.
- मार्गावरील शहरांत आणि जिल्ह्यांत कलम ३७ खालील मनाई आदेश लागू आहे काय, याची पोलीस ठाण्यात चौकशी करावी. आदेश असल्यास सुरी नेऊ नये. मासे घरी आणूनही साफ करता येतात.
- अभयारण्याची हद्द कोठून सुरू होते, हे वन विभागाकडून आधी जाणून घ्यावे. हद्दीत जायचे असल्यास लेखी परवानगी घ्यावी.
- काम संपताच सुरी घरी उतरवून ठेवावी. सोमवारी कार्यालयाच्या वाटेवर डिकीत सापडलेल्या सुरीला सहलीचे कारण देता येत नाही.
- पोलिसांनी विचारल्यास सामानात सुरी असल्याचे आधीच सांगावे. जप्ती झाल्यास पंचनाम्याची प्रत मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक आहे.

पाते किती इंचांचे, हा प्रश्न बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात. कायदा मात्र त्याबरोबरच ते कशासाठी घडवले आहे, गाडीत कोठे ठेवले आहे आणि गाडी कोणत्या हद्दीत उभी आहे, हेही विचारतो. या प्रश्नांची उत्तरे घरातून निघतानाच तयार असतील, तर नाकाबंदीवर डिकी उघडताना घाबरण्याचे कारण उरणार नाही.