कळीचा चुना : उपयोगी, पण डोळ्यांचा वैरी

अहिल्यानगर : सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ या जिल्ह्यात रोवली गेली. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. साखर कारखान्यांना उसाखेरीज जे पदार्थ लागतात, त्यांत कळीचा चुना महत्त्वाचा. उसाच्या आम्लधर्मी रसात चुन्याचे पाणी मिसळले की आम्लता कमी होते आणि मळी खाली बसते. बांधकाम व भिंतींच्या सफेदीसाठीही हाच चुना वापरला जातो.

गुणधर्म
चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना, म्हणजेच कॅल्शियम ऑक्साइड, तयार होतो. पाणी मिळताच तो विरी जातो आणि मोठी उष्णता बाहेर पडते. शुद्ध चुना एक किलो असेल, तर ही उष्णता सुमारे तीन लिटर गार पाणी उकळण्यास पुरेशी ठरते.

आरोग्यावरील परिणाम
चुन्याची भुकटी घाम, अश्रू व श्वासनलिकेतील ओलावा शोषते. त्यामुळे त्वचा भाजते, नाक-घशाची आग होते व खोकला येतो. सर्वाधिक धोका डोळ्यांना असतो. अल्कधर्मी पदार्थ बुबुळाच्या पडद्यात झपाट्याने खोलवर शिरतो व दृष्टी कायमची जाऊ शकते. विरलेला चुनाही यास अपवाद नाही. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी मुलांच्या हातात फुटून डोळ्यांना इजा झाल्याच्या नोंदी नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत. कामाच्या पाळीत हवेतील चुन्याचे सरासरी प्रमाण घनमीटरला २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेची शिफारस आहे.

हाताळणी
पोती कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवावीत. ओल लागल्यास चुना फुगून पोती फुटतात व शेजारच्या ज्वलनशील वस्तू पेट घेऊ शकतात. चुना विरवताना भरपूर पाण्यात थोडा थोडा चुना टाकावा. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतू नये. सर्व बाजूंनी बंद चष्मा, धूळरोधक मास्क, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व गमबूट आवश्यक आहेत. सांडलेली भुकटी कोरडीच गोळा करावी.

प्रथमोपचार
अंगावर भुकटी पडल्यास आधी ती कोरड्या कापडाने झटकावी, कपडे काढावेत आणि मगच वाहत्या पाण्याने भरपूर धुवावे. ओंजळभर पाण्याने दाह वाढतो. डोळ्यांत कण गेल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास सोडावी. डोळे चोळू नयेत. तूप, दूध वा लिंबाचा रस घालू नये. चुना पोटात गेल्यास उलटी करवू नये. रुग्णाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे; रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. मात्र डोळा वाचेल की नाही, हे बहुधा रुग्णालयात पोचण्यापूर्वीच ठरते. म्हणून जेथे चुना हाताळला जातो, तेथे हाताशी स्वच्छ पाण्याचा नळ असलाच पाहिजे.