बुडापेस्टचं दुकान, न्यूयॉर्कची ईमेल

दिवसा समोरासमोर आले की कडाक्याचं भांडण, आणि रात्री त्याच माणसाच्या पत्राची डोळे लावून वाट बघणं. पत्र लिहिणारा कोण हे माहीत नाही, म्हणूनच हे जमतं. डिसेंबर १९९८मध्ये टॉम हँक्स आणि मेग रायन यांच्या ‘यूव्ह गॉट मेल’ने हा खेळ ईमेलवर मांडला, तेव्हा गोष्ट नव्या जमान्याची वाटली. प्रत्यक्षात ती साठीला आलेली होती.

मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाचं नाटक १९३७ साली बुडापेस्टमध्ये रंगमंचावर आलं. घटनास्थळ अत्तरांचं दुकान. तिथले दोन नोकर दिवसभर एकमेकांच्या खोड्या काढतात आणि टोपणनावाआड एकमेकांनाच प्रेमपत्रं लिहितात. पुढच्याच वर्षी लास्लोने देश सोडून अमेरिका गाठली. नाटकही मागोमाग हॉलिवूडला पोचलं आणि एर्न्स्ट लुबिचने त्यावर ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट केला. तो १९४०च्या जानेवारीत झळकला.

लुबिच हा बर्लिनमधल्या शिंप्याचा मुलगा. दिवसा वडिलांच्या धंद्याचे हिशेब आणि संध्याकाळी नाटक, असे दिवस त्याने काढले होते. गल्ला, गिऱ्हाईक आणि मालकाची लहर यांची त्याला चांगलीच ओळख होती. पडद्यावरच्या बुडापेस्टमधलं त्याचं दुकान चामड्याच्या वस्तू आणि भेटवस्तू विकतं. नोकरीच्या शोधात आलेली क्लारा तिथे झाकण उघडताच गाणारी सिगारेटची पेटी हातात घेते. ही पेटी गोळ्या-चॉकलेटांची आहे, गाणं वाजलं की आपण फार खातोय हे लक्षात येतं, असं सांगून ती एका बाईच्या गळ्यात मारते आणि नोकरी मिळवते. पुढे मालकाने भरून ठेवलेल्या त्या पेट्यांना कुणी विचारत नाही, तो भाग वेगळा.

या सगळ्या थट्टेखाली नोकरीची धास्ती आहे. नायक क्रालिकला पत्रमैत्रिणीची पहिली भेट ठरलेल्या दिवशीच कामावरून काढून टाकतात. बेकार माणसाने कॅफेत कुठल्या तोंडाने जायचं? मग त्याचा सहकारी खिडकीतून डोकावतो. आत ‘अ‍ॅना करेनिना’ची प्रत आणि कार्नेशनचं फूल घेऊन क्लारा बसलेली!

नंतरचे अवतार चटकन सांगता येतात. १९४९मध्ये जूडी गार्लंडसाठी गोष्ट शिकागोतल्या वाद्यांच्या दुकानात गेली. १९६३मध्ये ‘शी लव्ह्ज मी’ या ब्रॉडवेच्या संगीतिकेत ती परत अत्तरांकडे वळली.

नोरा आणि डेलिया एफ्रन या बहिणींनी १९९८च्या पटकथेत पत्रपेटीच्या जागी एओएल ही इंटरनेट सेवा आणली. टपाल आल्याची वर्दी देणारा त्या सेवेचा आवाज होता एल्वूड एडवर्ड्स यांचा. त्यांची पत्नी एओएलच्या मूळ कंपनीत कामाला होती. १९८९मध्ये त्यांनी घरच्या दिवाणखान्यात ती वाक्यं कॅसेटवर बोलून दिली. डिसेंबर १९९६मध्ये एओएलने तासाचं मीटर बंद करून महिन्याला १९.९५ डॉलर असा ठोक दर लावला आणि रात्र रात्र गप्पा मारणं खिशाला परवडू लागलं.

कॅफेचा प्रसंग जवळजवळ तसाच राहिला. फक्त टॉलस्टॉयच्या जागी जेन ऑस्टेन आली आणि कार्नेशनच्या जागी गुलाब. खरा बदल दुकानात झाला. क्रालिक आणि क्लारा एकाच मालकाचे पगारी नोकर होते. ‘यूव्ह गॉट मेल’च्या नायिकेचं, कॅथलीन केलीचं, मात्र आईने उभं केलेलं, मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान आहे. त्याचं नाव लुबिचच्या चित्रपटावरूनच ठेवलंय. आणि नायक जो फॉक्स सवलतीत पुस्तकं विकणाऱ्या बलाढ्य साखळीचा वारस आहे. तो तिचं दुकान बुडवतो आणि तरी शेवटी ती त्याच्याच मिठीत जाते. क्रालिकलाही पत्रामागची व्यक्ती आधी कळते आणि तोही काही काळ गप्प राहतो, पण त्याच्या गुपितामुळे कुणाची पोटापाण्याची सोय जात नाही.

छोटं दुकान आणि साखळी यांचं हे भांडण काल्पनिक नव्हतं. मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइडमध्ये बार्न्स अँड नोबल या पुस्तकदुकानांच्या साखळीने १९९३मध्ये भलंमोठं दुकान थाटलं आणि १९९६मध्ये जवळच्याच ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ला कुलूप लागलं. तिथल्या प्रेक्षकांना चित्रपटातला मोर्चा आणि ‘दुकान बंद’ची पाटी ओळखीची वाटली असणार.

गंमत अशी की दोन्ही दुकानांवर येणारं संकट नायक-नायिकेच्या मांडीवरच्या संगणकातच बसलं होतं. अ‍ॅमेझॉनने जुलै १९९५पासून इंटरनेटवर पुस्तकं विकायला सुरुवात केली होती. दुकानांची आणखी एक मोठी साखळी, बॉर्डर्स, २०११मध्ये दिवाळखोरीत संपली. बार्न्स अँड नोबल २०१९मध्ये विकली गेली. लंडनमध्ये स्वतःचं छोटं पुस्तकदुकान काढून नाव कमावलेले जेम्स डाँट तिचे प्रमुख झाले. कुठली पुस्तकं मांडायची हे त्या त्या शाखेने ठरवावं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे जो फॉक्सच्या गादीवर कॅथलीनच्याच जातकुळीचा माणूस येऊन बसला. एओएलची फोनच्या तारेवरून चालणारी जुनी इंटरनेट सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. ‘शी लव्ह्ज मी’चे प्रयोग मात्र अजून लागतात, आणि त्यात प्रेमपत्रं कागदावरच लिहिली जातात.