भयकथेतील अत्याचार

भयकथेत स्त्रीवरील अत्याचार दाखवावा की नाही? आज हा प्रश्न पडद्यावरच्या भयखेळांबद्दल विचारतात. पण तो सव्वादोनशे वर्षांचा जुना आहे बरे का!

इ. स. १७९६ मध्ये इंग्लंडात 'द मंक' ही कादंबरी निघाली. लेखक मॅथ्यू लुईस, विशीतला तरुण. तीत अँब्रोसिओ हा नामांकित मठवासी अँटोनिया या निष्पाप मुलीला गुंगीचे औषध देतो. ती मेली असे समजून लोक तिला तळघरातल्या थडग्यांत ठेवतात. तिथे तो तिच्यावर बलात्कार करतो, आणि पुढे तिचा खून करतो. पुस्तक खूप खपले, पण ओरडही तेवढीच झाली. १७९७ साली कवी कोलरिजने लुईसची प्रतिभा मानली, परंतु पुस्तक मुलांच्या हाती पडू नये, असे बजावले. लुईस तेव्हा पार्लमेंटचा सभासद होता. १७९८ च्या आवृत्तीत त्याने उत्तान मजकूर गाळला.

शब्द गेले, गुन्हा मात्र कथेत राहिला. आणि अँटोनिया? तिचा प्रियकर शेवटी दुसरीशी लग्न करतो, अखेरची पाने अँब्रोसिओच्या शिक्षेला मिळतात. तिचे दुःख कोणी मोजलेच नाही!

तेव्हा शिक्षकबंधूंनो, नुसती कात्री पुरत नाही. कथा जिने सोसले तिच्यापाशी थांबते का, हे विचारा. थांबत नसेल तर तो प्रसंग नसलेलाच बरा. खेळात तर कळ आपल्याच बोटाखाली असते. तिथे ही कसोटी अधिकच कडक हवी.