दवाखान्याचं बिल थकलं तर पगार कापला जातो का?

लोणावळ्यात आपल्यातले कितीतरी लोक हॉटेलात, चिक्कीच्या कारखान्यात, दुकानात नोकरी करतात. घरात एक मोठं आजारपण आलं की बिल थकतं आणि मग फोन येतात, "मालकाला सांगून पगार थांबवू." घाबरून काही घरं दागिने विकतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते माहीत असायला हवं.

पगार कोण कापू शकतो?
दवाखाना किंवा वसुलीवाला नुसतं पत्र देऊन पगार कापू शकत नाही. आधी दावा, मग कोर्टाचा हुकूमनामा, त्यानंतरच जप्ती. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 च्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पगार 19,000 असेल तर महिन्याला जास्तीत जास्त 6,000 कापले जातील. एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिने जप्ती झाली की त्यासाठी पगार कायमचा सुटतो.

मजूर, मग तो कुशल असो की अकुशल, आणि घरकामगार यांची मजुरी जप्त होतच नाही. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीलाही संरक्षण आहे. "मी हा हक्क सोडतो" असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तरी ते रद्दबातल ठरतं.

समन्स आलं तर
ते परत पाठवू नका. साधारण 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागतो. हप्ते बांधून मागता येतात. वडगाव मावळच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. महिलांना, कामगारांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन 15100.

वेळ येऊच नये म्हणून
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. ठरावीक उपचार, ठरावीक दवाखाने. दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.
- धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत) आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत (3 लाख 60 हजारांपर्यंत) असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.
- पगार 21,000 पर्यंत आणि कामाच्या ठिकाणी 10 किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयचं कार्ड लागू आहे का, ते मालकाला विचारा.
- बिल तपशीलवार मागा. कोरा चेक देऊ नका. तो वटला नाही तर प्रकरण फौजदारी होतं. मोबाइल ॲपवरचं कर्ज घेऊन बिल भरू नका.
- बिलासाठी मयत अडवून ठेवता येत नाही.

सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात अडकलेला माणूसही आहे. म्हणजे बिलाखाली दबलेल्या शेजाऱ्याला मदत मागायची शरम वाटायला नको, आणि आपण ती द्यायला रमजानची वाट पाहायला नको. जमातीत एक-दोन तरुणांनी हे कागद समजून घेतले, तर पुढच्या घरावर दागिने विकायची वेळ येणार नाही.