महिंद्रा एक्सयूव्ही ५००

महिंद्रा एक्सयूव्ही ५०० (उच्चार: फाइव्ह डबल ओ) ही महिंद्रा अँड महिंद्रा या भारतीय कंपनीची सात आसनी, मध्यम आकाराची एसयूव्ही होती. तिचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील चाकण येथे होत असे. ती सप्टेंबर २०११ मध्ये बाजारात आली. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ने तिची जागा घेतल्यानंतर ती वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातच उपलब्ध आहे.

रचना व इंजिन

स्कॉर्पिओ व बोलेरो यांप्रमाणे वेगळी चौकट न वापरता ही गाडी मोनोकॉक पद्धतीने बांधलेली होती. २,१७९ सीसीच्या एमहॉक डिझेल इंजिनाची शक्ती आरंभी १४० अश्वशक्ती होती. २०१८ मध्ये ती १५५ करण्यात आली. दिल्ली परिसरात २,००० सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी असताना, २०१६ मध्ये, १.९९ लिटरचे इंजिनही देण्यात आले.

वापरलेली गाडी म्हणून मूल्यमापन

मोनोकॉक रचनेत गाडीचा सांगाडाच सर्व भार पेलतो. त्यामुळे अपघातात वाकलेले खांब किंवा तळाच्या पत्र्याला नव्याने केलेले वेल्डिंग हा जास्त किलोमीटर धावण्यापेक्षा गंभीर दोष ठरतो. इंजिन थंड असताना सुरू करून पाहणे उपयुक्त असते. सतत निघणारा निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर कधीकधी टर्बोचार्जर झिजल्याचे लक्षण असते.

खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते; म्हणून सुरुवातीच्या वर्षांतील गाडीची किंमत ठरवताना नोंदणी नूतनीकरणाचा खर्चही धरावा लागतो. मालकी हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०, तर कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आवश्यक असतो.