अंतराळांतील रसद

इतिहास लिहिणारांची दृष्टि सेनापतीच्या ध्वजावर खिळलेली असते. त्याच्यामागून धान्याच्या गोण्या वाहणाऱ्या बैलांकडे ती सहसा वळत नाहीं. परंतु मोहीम किती दिवस टिकावयाची हें पुष्कळदां ध्वजापेक्षां गोण्यांवरच ठरतें. अंतराळप्रवासाच्या इतिहासासही हा नियम लागू आहे. १९६१ सालीं युरी गागारिन यांनीं पृथ्वीप्रदक्षिणा केली, हें शाळेंतील मूलही सांगेल. पण २० जानेवारी १९७८ रोजीं काय घडलें असें विचारल्यास सुशिक्षित कुटुंबांतही उत्तर मिळेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. आमच्या मतें हा दुसरा दिवस पहिल्याच्या पंक्तीस बसविण्याच्या योग्यतेचा आहे. गागारिनच्या दिवशीं मनुष्य अंतराळांत गेला. या दिवसापासून तो तेथें दीर्घकाळ राहूं लागला.

हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटूं नये म्हणून आधींची स्थिति पाहूं. १९७३ सालीं अमेरिकेनें स्कायलॅब नांवाचें स्थानक पाठविलें. घर प्रशस्त होतें. परंतु त्यांत राहणारांचें पाणी व बहुतेक अन्न घराबरोबरच एकदांच भरून दिलें होतें. तीन तुकड्या तेथें राहून आल्या; शेवटची ८४ दिवस राहिली आणि १९७४ च्या फेब्रुवारींत परतली. त्यानंतर त्या घरांत कोणी गेलें नाहीं, व १९७९ सालीं तें कोसळलें. याचें कारण उघड आहे. मनुष्यास अन्न, पाणी व हवा लागते. स्थानकास इंधन लागतें. तितक्या उंचीवरही वातावरणाचा विरळ अंश असतोच. त्याच्या घर्षणानें स्थानक हळूहळू खालीं येतें व इंजिन चालवून तें पुन्हां वर उचलावें लागतें. शिदोरी संपली कीं माणसानें परतावें, इंधन संपलें कीं घरानें पडावें, असा हा व्यवहार होता.

सोव्हिएट रशियानें सप्टेंबर १९७७ मध्यें सोडलेल्या सल्यूत-६ या स्थानकास एकाऐवजीं दोन दारें ठेविलीं. पुढच्या दारानें माणसांचें यान लागलेलें असतांना मागचें दार रसदीस मोकळें राही. रसद नेणारें प्रोग्रेस यान हें माणसें नेणाऱ्या सोयूझ यानाचेंच भावंड होय. मात्र त्यांतून आसनें, उष्णतारोधक कवच व हवाई छत्री काढून टाकलीं होतीं. ज्याला परत यावयाचें नाहीं त्याला कवच कशाला? म्हणूनच सुमारें सात टनांच्या या यानांत सुमारें २.३ टन माल मावला. २० जानेवारीस निघालेलें पहिलें प्रोग्रेस २२ तारखेस मागच्या दारास आपोआप येऊन जोडलें गेलें. आंत राहणाऱ्या रोमानेंको व ग्रेच्को यांनीं सामान उतरवून घेतलें. इंधन नळ्यांवाटे स्थानकाच्या टाक्यांत गेलें. नंतर रिकाम्या यानांत केरकचरा भरला, आणि ८ फेब्रुवारीस प्रशांत महासागरावर तें वातावरणांत जळून गेलें. ते दोघे मात्र ९६ दिवस राहून मार्चमध्यें सुखरूप उतरले. त्या एका स्थानकाकडे पुढें आणखी अकरा प्रोग्रेस गेलीं, व १९८० मध्यें एका तुकडीचा मुक्काम १८५ दिवसांवर पोंचला. आपले राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलांत ज्या सल्यूत-७ वर राहिले, त्याचा संसारही याच भारवाहकांवर चालत होता.

तथापि रसद ही निर्धोक गोष्ट आहे असें कोणी समजूं नये. २५ जून १९९७ रोजीं मीर स्थानकावरून एक प्रोग्रेस यान दूरचित्राच्या साह्यानें हातांनीं चालवून जोडण्याचा प्रयोग चालू असतां, तें यान वेग न आवरल्यामुळें स्थानकाच्या एका दालनावर आदळलें. हवा बाहेर जाऊं लागली. आंतील तिघांनीं दारांतून गेलेल्या विजेच्या तारा तोडून तें दालन कायमचें बंद केलें व प्राण वाचविले. अन्न घेऊन येणाराच काळ होऊन येतो, असा हा प्रसंग होता. पण रसद बंद करावी असें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. कारण तिच्यावांचून घरच उरलें नसतें.

२००० च्या नोव्हेंबरांत आंतरराष्ट्रीय स्थानकांत सुरू झालेली मनुष्यवस्ती पंचवीस वर्षांनंतरही खंडित झाली नव्हती. तिच्या मागें रशियाचीं, आणि पुढें युरोप, जपान व अमेरिका यांचींही भारवाहक यानें उभीं होतीं. आतां मंगळावर वसाहत करण्याच्या गोष्टी निघतात. त्या वाटेवर निघण्याचा अनुकूल काळ सुमारें सव्वीस महिन्यांनीं एकदां येतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तेथें ध्वज कोण रोवणार, यापेक्षां तेथें गोण्या कशा पोंचणार, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. ज्या दिवशीं तो सुटेल, त्या दिवसाची नोंद तरी इतिहासकारांनीं वेळींच करावी, एवढीच आमची विनंती आहे.