महाकपीचं माप चुकलं होतं

अजिंठ्याला गेलं की लेण्यांच्या आधी वानर भेटतात. काळं तोंड, करडं अंग आणि अंगापेक्षा लांब शेपूट. कठड्यावर बसलेल्या एका वानराला मी वहीत काढायला घेतलं. डोकं जमलं, पाठ जमली आणि शेपटीला कागदच उरला नाही. मोबाइलमध्ये त्याचे दहा-बारा फोटो होते, पण शेपूट केवढी लांब असते ते मला कळलं कागद संपल्यावर. कोड लिहिणाऱ्याला ही चूक ओळखीची असते: सुरुवातीला एक गोष्ट मोजायची राहते आणि शेवटी जागा पुरत नाही.

मग सतरा क्रमांकाच्या लेण्यात गेलो. पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. इथल्या भिंतीवर महाकपी जातक रंगवलेलं आहे.

गंगेकाठच्या आंब्यावर वानरांचा कळप राहतो. आंब्यांच्या लोभाने वाराणसीचा राजा धनुर्धारी घेऊन येतो. कळपाचा नायक नदीपार झेप घेतो, एक वेत तोडतो, त्याचं एक टोक तिकडच्या झाडाला, दुसरं स्वतःच्या कमरेला बांधतो आणि परत उडी मारतो. पण कमरेला गुंडाळलेली लांबी हिशेबात धरायची राहून गेलेली असते. वेत कमी पडतो. मग तो आंब्याची फांदी हातांनी धरतो आणि उरलेलं अंतर स्वतःच्या अंगाने भरून काढतो. कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. तो मात्र वाचत नाही.

या भिंतींच्या नकला करणाऱ्यांचंही काहीसं असंच झालं. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला हे काम मिळालं. अनेक वर्षं खपून त्याने केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत जळाल्या. तरी त्यांचं काम वाया गेलं असं मला म्हणवत नाही. भिंतीवरचा रंग दर वर्षी थोडा विरत होता, आणि त्या काळात तो इतक्या जवळून, इतका वेळ कुणीतरी पाहत होतं.

बाहेर आलो. कठड्यावर दुसरा वानर बसला होता. नवं पान उघडलं आणि या वेळी शेपटीपासून सुरुवात केली.